ट्रॅक्शन बोर्ड की लोखंडी शिडी? दहा हजारांच्या आत काय घ्यावं

मुळशीरोड
नमस्कार मंडळी. मारुतीची जिम्नी आहे (४x४, म्हणजे चारही चाकांना ताकद), मॅन्युअल. पावसाळ्यात पानशेत-वेल्हे, मुळशी-ताम्हिणी, क्वचित भोरकडून वरंध्यापर्यंत असं फिरणं असतं. डिसेंबरात जैसलमेरचं घाटतंय. बऱ्याचदा एकटीच गाडी असते, मागून ओढायला दुसरं कुणी नसतं. विंच (रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारं यंत्र) बसवायचा नाही.

गाडी रुतली की चाकाखाली घालायच्या शिड्यांची किंवा ट्रॅक्शन बोर्डांची एक जोडी घ्यायची आहे, दहा हजारांच्या आत. ऑनलाइन बघितलं तर एकाच साच्यातून काढल्यासारखे बोर्ड साडेचार हजारांना पण आहेत आणि नऊ हजारांना पण, आणि झाडून सगळ्यांवर '१० टन क्षमता' छापलंय. धायरीतला एक फॅब्रिकेटर म्हणतो, साडेतीन हजारांत लोखंडी शिड्यांची जोडी वेल्ड करून देतो, नातवंडं वापरतील. परदेशी ब्रँडची किंमत बघून पान बंद केलं.

ज्यांनी खरोखर चिखलात वापरलेत त्यांनी सांगा. 'माझ्या मित्राच्या मित्राने' वाले अनुभव पण चालतील, पण तसं लिहा.

नळस्टॉपचा_नाना
डिकीत फावडं आहे का? टायरची हवा मोजायचं मीटर? हवा परत भरायला कॉम्प्रेसर? या तिन्हीला 'हो' असेल तर पुढे बोलू. नसेल तर दहा हजारांतले पहिले चार हजार इकडे खर्च करा. पुण्यात हल्ली गाडी ४x४, छतावर केशरी पाट्या, आणि रुतल्यावर माती उकरायला स्टीलचं ताट, हे दृश्य फार बघायला मिळतं.

डोंगरभट्टी
नानांचा सूर खवचट असला तरी क्रम बरोबर आहे. हवा कमी करणं, उकरणं, मग बोर्ड.

आता बोर्डाआधी जमिनीबद्दल, कारण सगळी निवड तिच्यावर आहे. पुण्याच्या पश्चिमेचा चिखल वेगळा आणि पूर्वेचा वेगळा. मुळशी, मावळ, वेल्हे इकडे तांबड्या मातीचा राडा होतो, पण बहुतेक जागी वीत-दीड वीत खाली मुरूम नाहीतर कातळ लागतो. गाडी अडकते ती टायरचे खाचे भरून चाक गुळगुळीत झाल्यामुळे. अशा ठिकाणी साधा, स्वस्तातला बोर्डसुद्धा हमखास काम करतो, कारण त्याला खालून आधार मिळतो. तुम्हाला फक्त चाकाला पकड द्यायची असते.

सासवडच्या पुढे, दौंड, शिरूर, बारामतीकडे काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, चिकटते, आणि तळ म्हणून काही लागत नाही. बोर्डाचे दाते पहिल्याच प्रयत्नात लिंपून जातात, त्यानंतर तो बोर्ड म्हणजे साबणाची वडी. प्रत्येक वेळी बाहेर काढा, खरवडा, पुन्हा घाला. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर गाडी घालूच नका, कुठलाही बोर्ड असो. पण घातलीच तर दाते उंच आणि विरळ असलेला, आरपार भोकं असलेला बोर्ड हवा, म्हणजे चिखल खालून निघून जातो. बारीक, दाट दात्यांचे बोर्ड फोटोत छान दिसतात, वाळूत चालतात, चिखलात भरतात.

भातखाचराच्या कडेचा चिखल हा तिसरा प्रकार. तिथे मुळात जायचं कारण नाही, त्याबद्दल खाली कुणीतरी बोलेलच.

आणखी एक, सगळ्यात महत्त्वाचं. गाडी पोटावर बसली असेल, म्हणजे डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचा गिअरचा फुगवटा) किंवा चासी जमिनीला टेकली असेल, तर बोर्ड घालून उपयोग नाही. जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे. २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात तो त्या गोळ्याखालचा. मधोमध उंचवटा राहिलेल्या चाकोरीत आधी तो गोळाच टेकतो. आधी त्याच्याखालची माती काढायची. चाकं उगाच फिरवत बसलात तर ती आणखी खाली जातात आणि गोळा आणखी घट्ट बसतो.

प्लास्टिकवाला
भोसरीत इंजेक्शन मोल्डिंगचं काम करतो, बोर्ड बनवत नाही, म्हणून निर्धास्त लिहितो.

साडेचार हजार आणि नऊ हजारांत फरक असतो तो प्लास्टिकचा, साच्याचा नव्हे. साचे खरोखरच बरेचसे सारखे आहेत. स्वस्तातले बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पीपीचे, काही एचडीपीईचे. महागातले नायलॉनचे, काचतंतू मिसळलेले किंवा न मिसळलेले. हे कशासाठी सांगतोय? बोर्ड मोडून निकामी होण्यापेक्षा वितळून निकामी होतो. चाक जागच्या जागी फिरलं की रबर आणि दात्यांमध्ये घर्षणाची उष्णता तयार होते. एचडीपीई साधारण १३० अंशाला वितळतं, पीपी १६०-१६५ ला, नायलॉन-६ साधारण २२० ला. पीपीच्या दात्यांवर दोन-चार सेकंद चाक भिरभिरलं की दाते झोपलेच समजा. नायलॉन जरा जास्त सहन करतं, पण अमर तेही नाही.

विक्रेता 'नायलॉन' म्हणतो ते खरं की खोटं, हे घरी बघता येतं. पीपीची घनता ०.९०, एचडीपीईची ०.९५ च्या आसपास, नायलॉनची १.१३. बोर्ड पाण्याच्या टाकीत टाका. तरंगला तर तो नायलॉन नाही, विषय संपला. बुडाला तर मात्र लगेच खूश होऊ नका. पीपीमध्ये काचतंतू किंवा टाल्कम मिसळलं की तेही बुडतं. मग कडेला मोल्डिंगची जी पातळ पापुद्र्यासारखी फ्लॅश राहते, तिचा तुकडा चिमट्यात धरून पेटवा. पीपी आणि एचडीपीई जळताना मेणबत्तीसारखा वास येतो, नायलॉनला केस जळल्याचा. हे बाहेर, उघड्यावर करा. घरात केलंत तर बोर्डापेक्षा मोठा प्रश्न उभा राहील.

दुसरं, ऊन. पीपीला अतिनील किरणं सोसत नाहीत. स्टॅबिलायझर घातला नसेल तर छतावर ठेवलेला केशरी बोर्ड दोन उन्हाळ्यांत फिकट, खडूसारखा होतो आणि मग वाकवला की तडकतो. काळा रंग कार्बन ब्लॅकमुळे जास्त टिकतो, पण चिखलात काळा बोर्ड शोधणं हा स्वतंत्र खेळ आहे. केशरीच घ्या आणि गाडीच्या आत ठेवा.

मुळशीरोड
@प्लास्टिकवाला, हे कुणीच सांगत नाही हो. मग '१० टन' ही काय भानगड आहे?

प्लास्टिकवाला
सपाट, टणक जमिनीवर बोर्ड ठेवून वरून सरळ दाबला तर तो दहा टन घेईलही. त्या स्थितीत खालची जमीनच वजन घेते. तुमच्या गाडीच्या एका चाकावर माणसं-सामान धरून चारशे किलोसुद्धा येत नाही. खरा ताण येतो तो बोर्डाचं एक टोक दगडावर, दुसरं खड्ड्यात, आणि मधे चाक, असं असताना. त्या वाकण्याबद्दल खोक्यावर एक अक्षर नसतं. त्यामुळे तो आकडा वाचूच नका. दुकानात बोर्ड हातात मिळाला तर दोन टोकं दोन विटांवर ठेवा आणि मधे उभे राहा. वाकायला हवा, पांढरी रेघ उमटायला नको, आणि उतरलात की लगेच सरळ व्हायला हवा. पांढरी रेघ आली तर तिथून तो पुढे तडकणार.

चाकणकर
सगळे प्लास्टिकच्या मागे लागलेत म्हणून लोखंडाची बाजू मांडतो. मी फॅब्रिकेशनमध्येच आहे.

शिडीचा हिशेब करा. ३५x३५x५ चा अँगल, मीटरला २.६ किलो. १.२ मीटरचे दोन म्हणजे सव्वासहा किलो. आडव्या पायऱ्या १६ मिलिमीटर सळईच्या, ३० सेंटिमीटरच्या नऊ, त्याचे सव्वाचार. एक शिडी साडेदहा किलो, जोडी एकवीस. साडेतीन हजार मजुरीसकट म्हणजे धायरीवाला फार लुटत नाहीये. आणि ही शिडी दोन फुटांच्या चरावर आडवी टाकून गाडी वरून जाते. ते तुमच्या प्लास्टिकला जमणार नाही.

चेकर्ड प्लेट कुणी सुचवली तर घेऊ नका. ३ मिलिमीटरची १.२ बाय ०.३ मीटरची प्लेट साडेआठ किलो भरते आणि एकाच वापरात केळ्यासारखी... बरं, वाकते एवढंच म्हणतो. ५ मिलिमीटरची चौदा किलो, आणि ओली झाली की तिच्यावर उभं पण राहवत नाही.

डोंगरभट्टी
@चाकणकर, हिशेब चोख आहे, चर ओलांडण्याचा मुद्दाही मान्य. पण मऊ चिखलात शिडी पसरत नाही, रुतते. अँगलच्या दोन कडा आणि सळया, बाकी सगळं मोकळं. बोर्डाचं काम वजन पसरवणं हे आहे. जिम्नी माणसांसकट दीड टन धरा, चाकामागे पावणेचारशे किलो. २६-२८ पीएसआय हवेचा टायर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला जवळपास १.८ ते २ किलो दाब देतो. तेच वजन ११० बाय ३० सेंटिमीटरच्या बोर्डावर सारखं पसरलं तर दाब सव्वाशे ग्रॅमच्याही खाली येतो. बोर्ड वाकतो, म्हणून प्रत्यक्षात एवढा फायदा मिळत नाही, पण निम्मा मिळाला तरी गाडी वर येते. सळयांच्या शिडीत तो मिळत नाही.

आणि लोखंड उडालं तर? चाकाखालून सुटलेली साडेदहा किलोची शिडी मागे कुणाच्या नडगीवर बसली तर ट्रिप तिथेच संपते. वर उचलली गेली तर ब्रेकचे पाइप, एबीएसच्या वायरी, टायरची बाजूची भिंत, काहीही फाडू शकते. कडा घासून गोल केल्या नसतील तर नक्कीच.

चाकणकर
कडा घासायच्याच. तो काय मुद्दा झाला? पण ठीक आहे, एकट्याने फिरणाऱ्या जिम्नीला एकवीस किलो लोखंड जड आहे हे मान्य. गुरखा-थारसारख्या मोठ्या गाड्यांसाठी माझं मत कायम.

वाळूघड्याळ
थोडं अवांतर, पण मजेशीर आहे. चाकाखाली काहीतरी घालायची ही युक्ती फार जुनी. १९२० आणि ३० च्या दशकांत राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या घेऊन हिंडायचा. टायरमधली हवा कमी करणं आणि रुतलेल्या चाकाखाली लोखंडी चॅनेल सरकवणं, या दोन्ही गोष्टी त्या मंडळींनी पद्धतशीर बसवल्या. १९४० मध्ये त्यानेच लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला आणि हीच तंत्रं युद्धात वापरली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तात्पुरत्या धावपट्ट्यांसाठी भोकं पाडलेले पोलादी पत्रे काढले, दहा फूट लांब, सव्वा फूट रुंद, प्रत्येकात ८७ भोकं, वजन ३० किलो. युद्धानंतर ते भंगारात आले आणि जगभरच्या जीपवाल्यांनी कापून वापरले. आजच्या प्लास्टिक बोर्डाची मापं आणि भोकं बघितली की नातं लगेच कळतं. प्लास्टिकचे नामांकित बोर्ड ऑस्ट्रेलियातून आले, मॅक्सट्रॅक्स वगैरे. तिकडेच जोडी तीनशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, म्हणजे दहा हजार रुपयांच्या बरीच वर. वर वाहतूक आणि कस्टम. मूळ धागाकर्त्यांनी पान बंद केलं ते बरोबर केलं.

नळस्टॉपचा_नाना
बॅगनॉल्डसाहेबाकडे मागच्या चाकांवर चालणारी फोर्ड होती आणि तो वाळवंट पार करून आला. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक डिफ लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी सोय) आहे आणि आम्ही पवनेच्या काठावर तंबूपासून वीस फुटांवर रुततो.

बांधावरची
वेल्ह्याजवळ शेती आहे आमची, म्हणून लिहिते. तुम्ही लोक 'ट्रेल' म्हणता ती बरेचदा कुणाच्या तरी शेतात जायची वाट असते. भातलावणीच्या दिवसांत बांधावरून चाक गेलं की बांध फुटतो, खाचरातलं पाणी निघून जातं, आणि तो बांध पुन्हा घालायला घरच्या माणसांचा दिवस मोडतो. बोर्ड असो नसो, बांधावर गाडी चढवू नका. वाट कुणाची आहे ते आधी विचारा. विचारलं तर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. गावात गाडी रुतली की आम्ही बोर्ड आणत नाही. भाताचा पेंढा, गोणपाट, पळसाच्या फांद्या, आणि घर बांधायचं चाललं असेल तर सेंट्रिंगच्या प्लेटा. पेंढा वाटतो तितका वाईट नाही, चाकाखाली भरपूर कोंबावा लागतो. सेंट्रिंगची प्लेट ओल्यात निसरडी होते, तिच्यावर गोणपाट टाकायचं. आणि शेवटी ट्रॅक्टर आहेच. ट्रॅक्टरवाल्याला डिझेलचे आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या, चहा पाजून कटवू नका. आमच्या दादांनी भर पावसात मोठी एसयूव्ही ओढून काढली, मालक म्हणाले 'थँक्यू काका' आणि काच वर केली.

मुळशीरोड
@बांधावरची, नोंद घेतली. आम्ही डांबरी आणि वनखात्याच्या बंदी नसलेल्या कच्च्या वाटांवरच असतो, पण विचारायचं लक्षात ठेवेन.

@डोंगरभट्टी, लांबी किती घ्यावी? ६० सेंटिमीटरचे छोटे पण दिसतायत, हजार-बाराशे स्वस्त. आणि मधून घडी होणारे पण आहेत.

डोंगरभट्टी
जिम्नीचा १९५/८० आर१५ टायर एका फेऱ्यात साधारण २ मीटर १८ सेंटिमीटर जातो. म्हणजे ११० सेंटिमीटरच्या बोर्डावर चाकाला अर्धा फेरा मिळतो. तेवढ्यात गाडीने गती पकडून पुढची ओली जागा ओलांडायची असते. ६० सेंटिमीटरवर पाव फेरा. गाडी जेमतेम वर चढते आणि पलीकडे पुन्हा उतरून बसते. मुरमाच्या उथळ राड्यात चालेल, जैसलमेरच्या वाळूत अजिबात नाही. थारचा १८ इंची टायर फेऱ्याला अडीच मीटरच्या जवळ जातो, त्यांना तर आणखी लांब हवा.

घडीवाल्यांना बिजागरी असते, आणि चाकाचं वजन नेमकं बिजागरीवर येतं. नको.

रुंदी ३० सेंटिमीटर तुम्हाला भरपूर. आणि टोकं बघा. टोक फावड्यासारखं उतरतं आणि पातळ होत गेलेलं हवं, म्हणजे चाकाखाली पाचरीसारखं आत जातं. काही स्वस्त बोर्डांचं टोक जाड, बोथट असतं. चाक त्याच्यावर चढण्याऐवजी त्याला ढकलत नेतं. मला विचाराल तर सगळ्या खरेदीत हीच एक गोष्ट सगळ्यात जास्त बघावी, आणि फोटोत ती दिसत नाही. म्हणून बाजूने काढलेला फोटो मागवा.

गुरखाताई
जागेचं बोला कुणीतरी! जिम्नीत मागची सीट उभी असताना सामानाला जागा अशी नाहीच. ११० सेंटिमीटरचा बोर्ड ठेवायचा तर अर्धी सीट पाडावी लागेल किंवा छतावर कॅरिअर. ऑर्डर करायच्या आधी टेप घेऊन गाडीत बसा, आडवा, तिरपा, सीटच्या पाठीमागे उभा, सगळं मोजा. आमच्या गुरखात हा प्रश्न येत नाही, सॉरी हं.

छतावर टाकलेत तर दोन पिना आणि वर एक पट्टा, दोन्ही. नुसत्या रबरी बंजीवर बांधून एक्स्प्रेस वेला जाणारे बघितलेत, मागच्या गाडीवाल्याचं नशीब. बाकी प्लास्टिकवाल्यांनी सांगितलंच आहे, ऊन.

थरथरते_वाळवंट
जैसलमेरबद्दल. तिकडे तुमचं खरं औजार बोर्ड नाही, हवा आहे. सम आणि खुरीकडच्या टेकड्यांवर १५ ते १८ पीएसआयवर यावं लागतं. टायर लांबट होतो, तळवा वाढतो, निम्म्या गाड्या रुतायच्या आधीच सुटतात. १५ च्या खाली नेऊन जोरात वळलात तर टायर रिमवरून उतरतो, तेव्हा हळू. डांबरावर यायच्या आधी कॉम्प्रेसरने हवा भरायची, नाहीतर टायर तापतो. डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत गाडी घालायची नाही, हेही तिथेच विचारून घ्या.

वाळूत बोर्ड घालताना चाकासमोर उतार खणायचा, वाळू हाताने ओढायची, आणि बोर्ड सरळ आडवा न ठेवता चाकाखाली तिरका घुसवायचा. पुढे जागा उताराची असेल तर पुढे, नाहीतर आलात त्याच चाकोरीने मागे. मागे जाणं बहुतेक वेळा सोपं, ती वाट आधीच दाबलेली असते. लोकांना मागे जाणं का कमीपणाचं वाटतं कळत नाही.

कोकणात जाणार असाल तर किनाऱ्यावर गाडी नेऊ नका. बऱ्याच किनाऱ्यांवर मनाई आहे, आणि भरती कुणाच्या बोर्डासाठी थांबत नाही.

मुळशीरोड
बोर्ड नेमके कुठल्या चाकांना? ४x४ मध्ये चारही फिरतात ना?

डोंगरभट्टी
दोन बोर्ड असतील तर एकाच ॲक्सलच्या दोन्ही चाकांना. एक पुढे डावीकडे, एक मागे उजवीकडे असं करू नका. पुढे निघायचं असेल तर पुढच्या चाकांसमोर घाला, मागची चाकं मग त्याच बोर्डांवरून जातात. मागे निघायचं तर मागच्या चाकांच्या मागे.

४एल (४x४ चा हळू पण जास्त जोराचा पर्याय) टाका, पहिला किंवा दुसरा गिअर, क्लच पूर्ण सोडा आणि अगदी हळू ॲक्सिलरेटर. जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाला जोर देणारी यंत्रणा आहे, तिला काम करायला वेळ द्या. चाक बोर्डाला घट्ट टेकलेलं नसेल तर उतरून पुन्हा बोर्ड ठोका, खणा. ॲक्सिलरेटरने प्रश्न सोडवायला गेलात की प्लास्टिकवाल्यांचा वितळणबिंदू आलाच. बोर्डावर चढलात की थांबू नका, टणक जागा येईपर्यंत जा. बोर्ड मागे राहतील, चालत येऊन उचलायचे.

म्हणूनच प्रत्येक बोर्डाला दोन-तीन मीटरची भडक रंगाची दोरी बांधून ठेवा. चिखलात पूर्ण गडप झालेला बोर्ड दोरीवरून सापडतो. दोरी चाकाच्या दिशेने नको, बाजूला टाका. दोरी गाडीला बांधू नका.

आणि माणसं. गाडीच्या समोर किंवा मागे सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही, बाजूला आणि लांब. सुटलेला बोर्ड मागे भिरकावला जातो. धक्का देणारे उत्साही मित्र आधी बाजूला काढा.

पिंपरीतला_पप्या
कन्व्हेयर बेल्टचा तुकडा कुणी वापरला नाही का? खडी क्रशरवर जुना बेल्ट किलोवर मिळतो. १० मिलिमीटर जाडीचा, १.२ मीटर बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा चार-साडेचार किलो. गुंडाळून सीटखाली जातो. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात, रविवारी किंवा बुधवारी गेलात तर कधीकधी दिसतो. गुळगुळीत बाजू खाली, वर आडवे काप मारून घ्यायचे. मुरमाच्या राड्यात आणि ओल्या गवतावर झकास. वितळण्याची भीती नाही, रबर जळकट वास मारतं एवढंच.

प्लास्टिकवाला
चांगली आयडिया. वजन अजिबात पसरवत नाही, कारण कडकपणा नाही. पण डोंगरभट्टी म्हणाले तसं खाली मुरूम असेल तर पसरवायची गरजच नाही. वाळवंटात मात्र तो वाळूत गुंडाळला जाईल.

मुळशीरोड
असं ठरवतोय: साधारण ११० सेंटिमीटर, केशरी, उतरत्या टोकाचे, उंच दात्यांचे पीपी बोर्ड, साडेपाच-सहाच्या घरातले. उरलेल्यात फावडं, मीटर आणि कॉम्प्रेसर. नायलॉनचे नऊ हजारांवाले सोडून देतोय. चुकतंय का?

डोंगरभट्टी
पानशेत-मुळशीसाठी अजिबात नाही. जैसलमेरला एकटी गाडी न्यायची असती तर नायलॉनचे घ्या म्हटलं असतं. तिकडे सोबत दुसरी गाडी असू द्या, मग पीपीही चालेल. लडाख-स्पितीला भर थंडीत नेलंत तर पीपी शून्याच्या आसपास ठिसूळ होतं, ते ध्यानात ठेवा. एचडीपीई थंडीत जास्त चिवट.

नळस्टॉपचा_नाना
फावडं घ्याल ते छोट्या दांड्याचं कॅम्पिंगवालं घेऊ नका. गोळ्याखाली पोचत नाही. भवानी पेठेत लांब दांड्याचं मिळतं, दांडा कापून गाडीत मावेल एवढा करा.

बोलेरोदादा
उशिरा आलो धाग्यावर. आमच्याकडे बोलेरो आहे, ४x२. भोरकडे शेतावर जावं लागतं रोज पावसाळ्यात. आम्हाला हे बोर्ड उपयोगी का? की ४x४ वाल्यांचंच खेळणं?

डोंगरभट्टी
तुम्हाला तर सगळ्यात जास्त उपयोगी, दादा. बोलेरोची ताकद मागच्या चाकांना असते, म्हणून बोर्ड नेहमी मागच्या चाकांना. पुढे जायचं असेल तर मागच्या चाकांच्या पुढून घुसवा, मागे यायचं असेल तर मागून. पुढची चाकं राड्यात असतील तर त्यांच्यासमोरची माती फावड्याने सपाट करा, कारण ती नुसती ढकलली जातात. मागे खताच्या दोन गोण्या असतील तर त्या काढू नका, उलट मागच्या ॲक्सलवर आणून ठेवा, पकड वाढते. आणि रोजचीच वाट असेल तर नेमकी रुतायची जागा एकदा मुरूम टाकून भरून घ्या, बोर्डाच्या पैशांत एक ट्रॉली येईल.

बोलेरोदादा
मुरूम टाकलाय हो, पण ओढ्याच्या उतारावरचा दर वर्षी वाहून जातो. तेवढ्या वीस फुटांसाठीच विचारलं.

बांधावरची
तिथे आधी वरच्या अंगाला आडवा चर मारून पाणी बाजूला काढा. दगडाची सोलिंग करून वर मुरूम टाका. नुसता मुरूम आमच्याकडेही राहत नाही.